ऊसतोडणी यंत्राची हायड्रॉलिक चाल : नव्याने यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी देखभालीचे मार्गदर्शन

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या ऊसपट्ट्यात तोडणी मजुरांची टंचाई वाढत गेली तसे ऊसतोडणी यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला हार्वेस्टर, अनेक शेतकऱ्यांनी आणि तरुण गटांनी विकत घेतला. यातल्या बहुतेकांना ट्रॅक्टरची देखभाल चांगली ठाऊक असते. मात्र हार्वेस्टरच्या इंजिनापासून चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारी यंत्रणा ट्रॅक्टरपेक्षा मुळातच वेगळी आहे. येथे क्लच आणि पायरीपायरीचे गिअर यांच्या जागी दाबाखालचे तेल काम करते. ट्रॅक्टरच्या सवयीने ही यंत्रणा सांभाळली, तर पहिल्या-दुसऱ्या हंगामातच पंप किंवा मोटर निकामी होण्याची पाळी येते. हा लेख चालीच्या यंत्रणेपुरता मर्यादित असला, तरी यातले बरेचसे रोड रोलर, स्किड स्टिअर लोडर आणि हायड्रोस्टॅटिक चालीच्या कम्बाइन हार्वेस्टरलाही लागू पडते.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

इंजिनाच्या पंप गिअरबॉक्सवर अनेक पंप बसवलेले असतात. त्यातला चालीचा पंप पिस्टनचा असतो. फिरणाऱ्या सिलिंडर ब्लॉकमध्ये बहुधा नऊ पिस्टन असतात आणि त्यांच्यासमोर स्वॉश प्लेट नावाची कलणारी तबकडी असते. ऑपरेटर चालीचा दांडा पुढे सरकवतो तेव्हा ही तबकडी कलते, पिस्टनची पुढेमागे हालचाल सुरू होते आणि तेल एका होजमधून चाकांजवळच्या मोटरकडे जाते. तबकडी उलट दिशेला कलली की तेलाचा प्रवाह उलटतो आणि यंत्र मागे जाते. तबकडी सरळ उभी राहिली की इंजिन चालू असूनही चाके थांबतात. मोटरमधून बाहेर पडलेले तेल टाकीत न जाता थेट पंपाच्या दुसऱ्या तोंडाशी परतते, म्हणून या रचनेला बंद परिपथ किंवा क्लोज्ड लूप म्हणतात.

या परिपथाला चार्ज पंप नावाचा एक लहान पंप जोडलेला असतो. पिस्टन आणि त्याच्या भोकातल्या अतिसूक्ष्म फटीतून काही तेल सतत झिरपते. ते पंपाच्या आणि मोटरच्या कवचात जमा होऊन केस ड्रेनच्या नळीने, बहुधा कूलरमार्गे, टाकीत जाते. जेवढे तेल असे बाहेर पडते तेवढे फिल्टरमधून गाळलेले तेल चार्ज पंप परिपथात भरत राहतो. मुख्य होजमधला दाब चढावर किंवा चिखलात ३५० ते ४२० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) जाऊ शकतो, तर चार्ज पंपाचा दाब साधारण २० ते ३० बार असतो. हा लहान दाब नवख्याला किरकोळ वाटतो. पण पंपाचे पिस्टन तेलाने भरलेले राहणे, स्वॉश प्लेट कलवणारी नियंत्रणे चालणे आणि बऱ्याच यंत्रांत पार्किंग ब्रेक सुटणे या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. चालीच्या दुखण्याचा शोध घेताना पहिले गेज चार्ज प्रेशरच्या तोंडाला लावावे, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

ध्यानात ठेवण्यासारखी आणखी एक बाब आहे. बेस कटर (ऊस बुडाशी कापणारा), चॉपर (त्याचे तुकडे करणारा) आणि एलिव्हेटर (तुकडे वर वाहून नेणारा) यांचे पंप वेगळे असले तरी तेलाची टाकी बहुधा एकच असते. त्यामुळे चॉपरची मोटर फुटून तिचा चुरा टाकीत आला, तर तो चालीच्या पंपाच्याही वाटेवर येतो.

हात लावण्यापूर्वीची सुरक्षितता

यंत्र सपाट जागी उभे करावे, वर उचललेले सर्व भाग खाली टेकवावेत, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडक्यांची अडण लावावी. इंजिन चालू असताना तेलाच्या अडसरामुळे यंत्र जागी थांबते, परंतु इंजिन बंद झाल्यावर हा आधार हळूहळू सुटतो आणि उतारावर यंत्र सरकू शकते. त्यानंतर चालीचा दांडा आणि अन्य नियंत्रणे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हलवून अडकलेला दाब मोकळा करावा आणि तेल निवल्यावरच जोड सैल करावा.

होजची गळती कधीही बोटाने किंवा तळहाताने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती हातमोज्यासह कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखत नाही. म्हणून लोक हळद लावून पुन्हा कामाला लागतात आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशी शंका जरी आली तरी रुग्णाला ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि ‘दाबाखालचे हायड्रॉलिक तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. गळती शोधायची असेल तेव्हा डोळ्यांना चष्मा लावून जाड पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधावा आणि तो होजजवळून फिरवावा.

रोजची पाहणी

सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकीच्या काचेतून तेलाची पातळी पाहावी. पातळीबरोबर रंगही पाहावा. दुधाळ तेल म्हणजे पाणी मिसळले आहे. फेसाळ तेल म्हणजे सक्शनच्या, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या होजच्या, बाजूने हवा ओढली जात आहे. काळपट आणि जळका वास येणारे तेल म्हणजे ते बराच काळ जास्त तापले आहे. रात्रभर उभ्या यंत्राखाली तेलाचा डाग दिसला, तर तो कोठून पडला हे शोधल्याशिवाय यंत्र शेतात नेऊ नये.

सक्शन होजची तपासणी मात्र निराळ्या नजरेने करावी लागते. या होजमध्ये दाब नसून ओढ असते, त्यामुळे तिचा क्लॅम्प सैल झाला तरी तेल फारसे बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. मग पंप घरघरतो, चाल धक्के देत होते आणि पंपाच्या आतल्या चकचकीत पृष्ठभागांवर खड्डे पडू लागतात. टाकीत फेस दिसत असेल आणि बाहेर कुठे थेंबही नसेल, तर आधी सक्शन होजचे क्लॅम्प पाहावेत.

इंजिन सुरू केल्यावर लगेच पूर्ण वेगाने यंत्र हाकू नये. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेल घट्ट असते, ते सक्शनमधून सहज ओढले जात नाही. पाच-दहा मिनिटे कमी वेगावर इंजिन चालवून मग चालीचा दांडा सावकाश पुढे-मागे करावा.

चाकांच्या फायनल ड्राइव्हमधल्या, म्हणजे मोटर आणि चाक यांच्यामधल्या गिअरच्या पेटीतल्या, गिअर ऑइलची पातळी पुस्तिकेतल्या अंतराने पाहावी. ही पातळी कमी झालेली असली की सगळेच सावध होतात, पण ती वाढलेली असली तर अनेक जण ‘तेल भरपूर आहे’ म्हणून झाकण लावून टाकतात. वाढलेली पातळी हे मोटरच्या शाफ्टचे सील गेल्याचे लक्षण असून हायड्रॉलिक तेल गिअरच्या पेटीत उतरत असते. वेळीच सील बदलले तर काम थोडक्यात आटोपते.

तेल : निवड, साठवण आणि भरणे

तेलाची निवड पुस्तिकेप्रमाणेच करावी. बहुतेक ठिकाणी आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८ या दर्जाचे झीजरोधक हायड्रॉलिक तेल सांगितलेले असते. ४६ किंवा ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेलाचा घट्टपणा किती, हे सांगतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसभर काम असेल तर उत्पादकाच्या संमतीने ६८ वापरता येते. दोन वेगळ्या कंपन्यांची तेले एकत्र करणे टाळावे, कारण त्यांतली रासायनिक पुरके एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

मात्र पंपाचे आयुष्य खऱ्या अर्थाने ठरते ते तेलाच्या स्वच्छतेवर. पिस्टन आणि भोक यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर सुमारे ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे जे तेल डोळ्यांना स्वच्छ दिसते, त्यातही पंप खरवडण्याइतका कचरा असू शकतो. नव्या बॅरलमधले तेलही या यंत्रणेसाठी पुरेसे स्वच्छ असतेच असे नाही. म्हणून बॅरलमधून थेट बादलीत आणि बादलीतून नरसाळ्याने टाकीत तेल ओतण्याची पद्धत कायमची सोडून द्यावी. गटाने किंवा गॅरेजने मिळून फिल्टर असलेला तेल भरण्याचा पंप घ्यावा आणि प्रत्येक लिटर त्यातूनच टाकीत जाऊ द्यावे. एक निकामी पिस्टन पंप बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च अगदी क्षुल्लक आहे.

बॅरल उघड्यावर उभे ठेवले तर पाऊस किंवा दव झाकणाभोवती साचते. दिवसा बॅरल तापते, रात्री थंड होते आणि थंड होताना आतली हवा आकसून ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढले जाते. बॅरल छपराखाली ठेवावे. ते शक्य नसेल तर आडवे ठेवून दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे फिरवावे, म्हणजे बुचे आतून तेलात बुडालेली राहतात.

तेलात पाणी आहे का, याची ढोबळ परीक्षा गॅरेजमध्येही करता येते. काचेच्या स्वच्छ बाटलीत तेल घेऊन रात्रभर स्थिर ठेवले तर मोकळे पाणी तळाशी बसते. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा एक थेंब टाकल्यावर तडतड झाली तरीही पाणी आहे असे समजावे. ही परीक्षा करताना चष्मा घालावा आणि तेलाचा डबा दूर ठेवावा. नेमकी माहिती हवी असल्यास प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. यंत्र तासभर चालून तेल गरम झाल्यावर, शक्यतो रिटर्न लाइनवरील नमुन्याच्या तोंडातून, थोडे तेल आधी वाहू देऊन मग कोरड्या नव्या बाटलीत नमुना घ्यावा. टाकीच्या तळातून घेतलेला गाळ म्हणजे परिपथातले तेल नव्हे.

फिल्टर बदलताना

फिल्टर किती तासांनी बदलायचा याचा आकडा प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. नव्या यंत्रात, तसेच मोठ्या दुरुस्तीनंतर, पहिला बदल बराच लवकर करायचा असतो, कारण सुरुवातीच्या तासांत भाग एकमेकांशी जुळताना बारीक कण सुटतात. फिल्टर चोंदल्याचा दिवा लागला असूनही ‘ही खेप संपू दे’ म्हणणे महागात पडते. बऱ्याच फिल्टरांना बायपास वाट असते; फिल्टर चोंदला की तेल न गाळता त्या वाटेने पुढे जाते आणि यंत्र चालूच राहत असल्याने ऑपरेटरला काही कळत नाही.

शेताच्या बांधावर धुळीत फिल्टर उघडू नये. पर्याय नसेल तर आधी भोवतालची जागा डिझेलच्या बोळ्याने पुसून कोरडी करावी, वारा अडवावा आणि नवा फिल्टर शेवटच्या क्षणी पाकिटातून काढावा. त्याच्या रबरी रिंगला तेलाचे बोट लावावे आणि उत्पादकाने सांगितले तेवढाच तो आवळावा. चार्ज फिल्टरमध्ये डब्यातले न गाळलेले तेल आधीच ओतून ठेवू नये, कारण ते गाळणीच्या पलीकडच्या स्वच्छ बाजूलाच पडते.

काढलेला फिल्टर फेकून देण्यापूर्वी कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. ही पाच मिनिटांची सवय मला सर्वांत मोलाची वाटते. पितळी रंगाच्या चकाकत्या कपच्या दिसल्या तर पिस्टनच्या पादुका (स्वॉश प्लेटवर सरकणारे तळ) किंवा पंपातले कांस्याचे भाग झिजत आहेत. चुंबकाला चिकटणारा बारीक चुरा पोलादी भाग किंवा बेअरिंगकडे बोट दाखवतो. काळे मऊ तुकडे होजच्या आतल्या थराचे किंवा सीलचे असतात. थोडी राखाडी पूड नेहमीच मिळते, पण दोन वेळच्या फिल्टरमध्ये तिचे प्रमाण वाढत असेल तर हंगामाच्या मध्यावर यंत्र बंद पडण्याआधीच दुरुस्तीचा दिवस ठरवता येतो.

उष्णता आणि पाचट

ऊसतोडणीत पाचट उडतच राहते आणि कूलरच्या जाळीवर थर चढतो. तेलाचे तापमान ५० ते ७० अंशांच्या दरम्यान असणे चांगले. साधारण ८२ अंशांच्या पुढे ते सतत राहिले तर सील कडक होतात आणि तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते. तेल पातळ झाले की आतली गळती वाढते, गळतीमुळे आणखी उष्णता निर्माण होते, आणि हे चक्र पंपापर्यंत पोहोचते. म्हणून दर पाळीत, आणि कोरडे पाचट जास्त असेल तर दोनदा, इंजिन बंद करून कूलर साफ करावा. हवेचा झोत पंख्याच्या बाजूने बाहेर, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच्या उलट दिशेने मारावा. जवळून जोरात मारलेल्या झोताने किंवा पाण्याच्या धारेने कूलरच्या पातळ पात्या वाकतात. तेलाने ओला झालेला भाग आणि कोरडे पाचट एकत्र आले की आगीचा धोका असतो, त्यामुळे पंपाभोवतीची गळती आणि कचरा दोन्ही त्याच वेळी काढावेत.

होज बदलताना

होजचे बाहेरचे रबर घासून आतली तारेची जाळी दिसू लागली, फुगा आला किंवा फिटिंगपाशी ओल दिसली, तर होज बदलावी. नवी होज तेवढ्याच दाबाची, तेवढ्याच लांबीची आणि योग्य यंत्रावर क्रिंप केलेली, म्हणजे फिटिंग दाबून घट्ट बसवलेली, असावी. होज कापताना तिच्या आत रबराचा आणि पोलादाचा भुगा पडतो. दुकानदाराने दिलेली होज तशीच जोडली तर तो भुगा सरळ मोटरमध्ये जातो. म्हणून ती आतून साफ करून दोन्ही टोकांना टोप्या लावूनच आणावी. जोड सुटा असताना उघडी तोंडे चिंधीने बुजवू नयेत, धागे आत जातात. प्लास्टिकच्या स्वच्छ टोप्या वापराव्यात. प्रत्येक वेळी ओ-रिंग नवी घालावी आणि फ्लँजचे बोल्ट आलटून पालटून, टॉर्क पान्याने आवळावेत.

लक्षणांवरून निदान

यंत्र थंड असताना नीट चालते आणि तापल्यावर चढाला दम सोडते, तर आतली गळती वाढली आहे. गरम अवस्थेत चार्ज प्रेशर मोजावे, आणि प्रशिक्षित मिस्त्रीकडून प्रत्येक मोटरच्या केस ड्रेनमधून मिनिटाला किती तेल येते ते मोजून घ्यावे. दोन बाजूंच्या मोटरमध्ये मोठा फरक आढळला, तर जास्त तेल सोडणारी मोटर झिजलेली असते. पुढे आणि मागे दोन्हीकडे जोर कमी असेल तर तेलाची पातळी, सक्शन, फिल्टर आणि चार्ज प्रेशर या क्रमाने पाहावे. एकाच दिशेला जोर कमी असेल तर त्या बाजूच्या रिलीफ व्हॉल्व्हवर, म्हणजे दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की तेलाला वाट देणाऱ्या झडपेवर, संशय घ्यावा. दोन्ही व्हॉल्व्ह सारखे असतील तर त्यांची अदलाबदल केल्यावर दोष दिशा बदलतो का, हे पाहता येते. दांडा मध्यावर असूनही यंत्र हळूहळू सरकत असेल तर न्यूट्रलची जुळणी बिघडलेली असते. चाक जड फिरते आणि ब्रेकची पेटी तापते, तेव्हाही चार्ज प्रेशर पाहावे, कारण स्प्रिंगने लागणारा ब्रेक पुरेशा दाबाअभावी अर्धवटच सुटतो.

रिलीफ व्हॉल्व्ह आवळून दाब वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. झिजलेला पंप त्याने बरा होत नाही, होज आणि मोटर मात्र धोक्यात येतात.

बंद पडलेले यंत्र ट्रॅक्टरने तसेच ओढू नये. पंपावरचा बायपास व्हॉल्व्ह (पंपाच्या दोन्ही तोंडांतले तेल एकमेकांत मोकळे फिरू देणारी झडप) पुस्तिकेत सांगितलेल्या आट्यांनी उघडून, ब्रेक सोडवून, अगदी कमी वेगाने आणि फक्त शेताबाहेर काढण्यापुरतेच ओढावे. बायपास उघडल्यावर यंत्राला थांबवणारे काहीच उरत नाही, हे ओढणाऱ्या दोघांनीही जाणून असावे.

पंप किंवा मोटर बदलल्यानंतर

नवा पंप बसवला आणि काही आठवड्यांत तोही गेला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि दोष नव्या पंपाला दिला जातो. बहुतेक वेळा कारण बंद परिपथात असते. फुटलेल्या पंपाचा चुरा टाकीत न जाता होजमधून मोटरमध्ये आणि मोटरमधून पुन्हा पंपाकडे फिरत राहतो. म्हणून एक भाग फुटला की दुसराही उघडून तपासावा, मुख्य होज आतून धुवाव्यात, टाकी रिकामी करून पुसावी आणि सर्व फिल्टर बदलावेत. कूलरच्या नळ्यांत अडकलेला चुरा सहसा पूर्ण निघत नाही. शंका असेल तर कूलर बदलणेच शहाणपणाचे असते.

पंप कोरडा सुरू करणे म्हणजे पहिल्याच मिनिटात त्याचे नुकसान करणे होय. पंपाच्या आणि मोटरच्या कवचात वरच्या केस ड्रेन तोंडातून गाळलेले तेल काठोकाठ भरावे. चाके जमिनीपासून उचलून मजबूत स्टँडवर घ्यावीत आणि चार्ज प्रेशरला गेज लावावे. इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडा थोडा वेळ इंजिन फिरवावे आणि गेजचा काटा हलला की कमी वेगावर इंजिन सुरू करावे. अर्ध्या मिनिटात दाब आला नाही तर इंजिन बंद करून सक्शन तपासावे. दाब स्थिरावल्यावर काही मिनिटे न्यूट्रलमध्ये चालवावे, नंतर अगदी सावकाश पुढे आणि मागे करावे, फेस जिरू द्यावा, पातळी भरावी आणि मगच यंत्र भारावर घ्यावे.

हंगामानंतर

गळीत हंगाम संपल्यावर यंत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उभे राहते आणि मधल्या पावसाळ्यातच पाणी तेलात शिरते. यंत्र धुताना ब्रीदर (टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणारे गाळणीचे झाकण) आणि इलेक्ट्रिक जोडांवर दाबाची धार मारू नये. तेल खराब असेल तर ते हंगामाच्या शेवटीच बदलावे, कारण पाणी आणि आम्लयुक्त तेल चार-पाच महिने आत राहिले तर चकचकीत पृष्ठभाग गंजतात. ब्रीदर नवा बसवावा, सिलिंडरचे दांडे शक्य तितके आत घ्यावेत, उघड्या राहिलेल्या क्रोमवर ग्रीसचा थर द्यावा आणि सर्व सिलिंडर आत घेतलेल्या स्थितीत टाकी वरच्या खुणेपर्यंत भरावी, म्हणजे दव जमायला मोकळी हवा कमी उरते. यंत्र छपराखाली ठेवून महिन्यातून एकदा सुरू करावे आणि तेल कोमट होईपर्यंत चालवून चाल दोन्ही दिशांना फिरवावी. दसऱ्याच्या सुमारास टाकीच्या तळाचे बूच सैल करून आधी कपभर तेल काचेच्या बाटलीत काढावे. त्यात पाणी दिसले तर यंत्र शेतात नेण्यापूर्वी पूर्ण तेल काढून टाकी साफ करावी.